दीडशे जणांचा संघ

मैदानात अकरा जण खेळत होते आणि कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर शंभराहून जास्त जण उभे होते. सगळ्यांच्या अंगात तीच लाल जर्सी, खांद्यांवर तीच जाडजूड पॅडं, हातात हेल्मेट. रांग मैदानाच्या अर्ध्याहून जास्त लांबीला पसरलेली. मी शेजारच्या आजींना विचारलं, "हे सगळे कोण?"

"संघ," आजी म्हणाल्या.

"म्हणजे राखीव खेळाडू?"

"नाही गं. संघच. माझा नातू बघ, तो तिकडे, उजवीकडून मोजत ये."

मी मोजत गेले आणि मध्येच आकडा चुकला, कारण तेवढ्यात सगळी रांग ओरडत पुढे सरकली. मैदानात काय झालं ते मला कळलं नाही. दहा-बारा मुलांचा एक ढिगारा झाला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच तो ढिगारा उपसत होता आणि सर्वांत तळाशी एक मुलगा चेंडूला पोटाशी धरून पडला होता. तो उठला, गवत झटकलं, चेंडू पंचाकडे दिला आणि आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. चेंडू पुढे गेला होता जेमतेम तीन पावलं.

हे 2003 सालचं. लग्न होऊन मी सांगलीहून थेट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट क्लाउड नावाच्या गावात आले होते. नवरा दिवसभर ऑफिसात. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आजी विधवा होत्या, जन्म सगळा दुभत्या गायींच्या शेतावर गेलेला, पूर्वज जर्मनीतून आलेले कॅथलिक. त्या भागात बहुतेक घरं तशीच. त्यांनी मला गाडीत बसवून शनिवारी दुपारी सामन्याला नेलं, कारण त्यांच्या मते मी घरात बसून वाळत चालले होते. मी सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासात चहा घेतला होता. पुऱ्या पहिल्या सत्रातच संपल्या. मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनीही दोन दोन उचलल्या.

सेंट क्लाउडहून पश्चिमेला पंधरावीस मिनिटांवर कॉलेजव्हिल आहे. गाव म्हणावं असं तिथे काही नाही. बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ, त्यांनी 1857 साली सुरू केलेलं सेंट जॉन्स विद्यापीठ, भोवती ओक आणि पाइनचं रान, तळी. मठाचं चर्च मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पीने बांधलेलं, 1961 साली पूर्ण झालेलं. त्याच्यापुढे काँक्रीटचा एक प्रचंड सपाट मनोरा घंटा पोटात घेऊन उभा आहे, तो महामार्गावरूनच दिसतो. शिकायला तेव्हा जेमतेम दोन हजार मुलगे. मुलींचं कॉलेज जवळच्या सेंट जोसेफ गावात, आणि दोन्हीकडचे वर्ग एकत्र. मैदान म्हणजे क्लेमेन्स स्टेडियम. जमीनच तिथे परातीसारखी खोलगट आहे. उतारावर माणसं बसतात, तळाशी खेळ चालतो आणि कडेने झाडं. सप्टेंबरअखेर ती झाडं लाल-पिवळी व्हायला लागतात, तेव्हा खेळाकडे पाहायचं की झाडांकडे, असं मला होऊन जायचं.

खेळ समजायला मला वेळ लागला. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा. इथे चेंडू लांबट, टोकदार, आणि तो बहुतेक वेळ हातात. शंभर यार्डांचं मैदान, दर पाच यार्डांवर आडवी पांढरी रेघ. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्न मिळतात. त्यांना डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा यार्डं पुढे सरकायचं. सरकलं की पुन्हा नवे चार. नाही सरकलं की चेंडू समोरच्यांना. म्हणून सहसा तीन प्रयत्न फसले की चौथ्याला चेंडू लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्यांना निदान दुरून सुरुवात करावी लागते. मैदानाच्या टोकापलीकडे चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण, आणि वर एक किंवा दोन गुण मिळवायची संधी. खांबांमधून लाथाडला तर तीन.

एवढं कागदावर सोपं आहे. मैदानात बघताना मात्र चेंडू कुणाकडे आहे हेच दिसत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे डावाची सूत्रं ज्याच्या हातात तो खेळाडू, चेंडू घेतो, एकाच्या पोटाशी नेतो, तो मुलगा चेंडू घेतल्यासारखा वाकून पळतो, चारपाच जण त्याच्यावर तुटून पडतात आणि चेंडू क्वार्टरबॅककडेच असतो. त्याने तो एव्हाना तीस यार्डांवर फेकलेलाही असतो. माझे डोळे दर वेळी वाकलेल्या मुलाबरोबर जायचे. आजी म्हणाल्या, "चेंडू बघू नकोस. पुढची धिप्पाड पोरं कुठे ढकलतायत ते बघ. चेंडू त्यांच्या मागून येतो." त्या दिवसापासून मला खेळ दिसायला लागला.

मला सर्वांत आवडलं ते मोजमाप. कडेला तिघे जण दोन काठ्या आणि मध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी घेऊन उभे असतात. दहा यार्डं झाली की नाही याचा वाद असला तर साखळी मैदानात आणतात. इतका वेळ एकमेकांना आपटणारी बावीस पोरं बाजूला होऊन शांत उभी राहतात. एक जण मागची काठी धरतो, दुसरा पुढची काठी ताणून टेकवतो आणि पंच गुडघ्यावर बसून चेंडूचं टोक काठीच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहतो. सगळं मैदान तेवढं बोटभर अंतर बघायला माना उंचावतं. इतक्या धसमुसळ्या खेळात हा सोनाराचा तराजू कुठून आला असेल!

पण माझा पहिला प्रश्न तसाच होता. अकरा जण आक्रमणाचे, अकरा बचावाचे, काही लाथाडायला. पन्नास-साठ धरू. मग दीडशे कशाला?

उत्तर आजींच्या नातवानेच दिलं. तो रविवारी जेवायला यायचा. दुसऱ्या वर्षाला होता, एकोणीस वर्षांचा, मोठा लाजाळू. तो म्हणाला, "इथे कुणाला काढत नाहीत. ज्याला यायचंय त्याने यावं. जॉन कुणालाच नाही म्हणत नाही."

जॉन म्हणजे प्रशिक्षक, जॉन गॅग्लियार्डी. त्या वर्षी नोव्हेंबरात ते सत्त्याहत्तर वर्षांचे झाले. मुलांनी त्यांना कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं, हा त्यांचाच नियम. मी सांगलीत शाळेच्या खो-खो संघात होते. आमच्या सरांपुढे मान वर करायचीही चोरी. आजोबांच्या वयाच्या माणसाला हा मुलगा नावाने हाक मारत होता, आणि त्या हाकेत उद्धटपणा तर नव्हताच, उलट मला तिच्यात माया ऐकू आली.

त्या माणसाबद्दल जे जे कळत गेलं ते मी अधाशासारखं वाचत गेले, गावच्या ग्रंथालयात आणि आजींच्या कात्रणांच्या वहीत. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या खाणींच्या गावचा हा मुलगा. 1943 साली त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाला युद्धासाठी सैन्यात बोलावलं. संघ मोडणार असं दिसल्यावर हा सोळा वर्षांचा खेळाडू पुढे झाला आणि म्हणाला, संघ मी चालवतो. आणि त्याने चालवला. प्रशिक्षक झालेल्या त्या मुलाने सर्वांत आधी काय केलं असेल, तर स्वतःला खेळाडू म्हणून जे जे छळाचं वाटायचं ते बंद केलं. मैदानाला फेऱ्या बंद. अंगमोडीचे व्यायाम बंद. आणि सरावात पाणी प्यायला मोकळीक.

पाण्याची गोष्ट वाचून मी वही मिटली. आमच्या खो-खोच्या सरावात पाणी प्यायला बंदी होती. पाणी प्यायल्याने पोटात कळ येते, दम तुटतो, असं सांगायचे. मे महिन्यातल्या सांगलीच्या उन्हात आम्ही मुली खुंटापासून खुंटापर्यंत पळायचो आणि शाळेच्या व्हरांड्यातला नळ दिसत असून तिकडे जायचं नाही. एकदा एक मुलगी पाटीवर बसल्याबसल्याच कोसळली. तिला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं आणि दहा मिनिटांनी सराव पुन्हा सुरू झाला. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. हे असंच असतं, असं आम्हाला वाटायचं. त्याच्या कितीतरी आधी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका सोळा वर्षांच्या मुलाला हे असं असायची गरज नाही हे दिसलं होतं. मला त्याचं मोठेपण इथेच पटलं. त्याने जिंकलेल्या सामन्यांचा आकडा मला अजून माहीतही नव्हता.

पुढे मोंटानातल्या कॅरोल कॉलेजात चार वर्षं काढून 1953 साली ते सेंट जॉन्सला आले, ते 2012 पर्यंत तिथेच राहिले. साठ मोसम. जाताना त्यांच्या नावावर 489 विजय होते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात तेवढे कुणाचेच नव्हते. 2018 मध्ये ते वारले. हे सगळं नंतरचं. पण मी ज्या शरदात तिथे होते त्यातच तो विक्रम त्यांच्या हाती आला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी नातवाने आम्हाला सराव बघायला बोलावलं. शिट्टी नव्हती. कुणाकडेच नव्हती. फळ्या लावलेले जड ढकलगाडे मी दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर पाहिले होते, मुलं त्यांना खांदे लावून रेटतात. तसलं इथे काही नव्हतं. मुलं साध्या हाफ पँटींत. आणि कुणी कुणाला पाडत नव्हतं. हेच माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. दोन फळ्या समोरासमोर यायच्या, हात लागेपर्यंत जायच्या आणि थांबायच्या. चेंडूवाला मुलगा पुढे पळत जायचा, अडवणारा त्याच्यासमोर बरोबर जागी येऊन उभा राहायचा आणि संपलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एक चाल इतक्या वेळा केली की मलाही ती पाठ झाली: उजव्या टोकाचा मुलगा आठ पावलं सरळ जातो आणि एकदम आत वळतो, तो वळायच्या आधीच चेंडू हवेत असतो.

मधेच सगळे गवतावर उताणे पडले. मला वाटलं, दमले. नातवाने नंतर सांगितलं, तोही सरावच. पाठीवर पडायचं, आभाळ बघायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, छान दिवस आहे नाही? शेजारच्याने म्हणायचं, हो, छान आहे. आणि दिवस खरंच छान होता. ऊन होतं, वारा पडलेला, झाडं पेटल्यासारखी लाल. तेवढ्या दीडशे पोरांना एकाच वेळी आभाळाकडे बघायला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते कडेला उभे होते, बुटके, जाड काचांचा चष्मा, हात जॅकेटच्या खिशात. दीड तासाच्या आत सगळे घरी.

फोनवर माझ्या धाकट्या भावाने विचारलं, "सरावात पाडत नाहीत तर सामन्यात पाडतात कसे?" तो कबड्डी खेळायचा, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "पाडायला आम्ही शाळेतच शिकलेलो असतो. पाडायचं कुणाला हे कळणं अवघड. समोरची फळी उभी कशी राहिली, कोण किती वाकलाय, कुणाचं वजन कुठल्या पायावर आहे, यावरून चाल ओळखायची. ते आम्ही रोज करतो. आणि आपल्याच मित्राचा गुडघा मंगळवारी मोडला तर शनिवारी खेळणार कोण?"

भावाला हे मी जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्याचा गुडघा सरावातच गेला होता.

त्या मोसमात सेंट जॉन्स हरतच नव्हतं. एका शनिवारी तर मध्यंतरालाच सामना एकतर्फी झाला. मग कडेच्या रांगेतून मुलं आत जायला लागली. आधी दुसरी फळी, मग तिसरी. आजींनी मांडीवरची शाल बाजूला टाकली आणि उभ्या राहिल्या. त्या काही बोलत नव्हत्या. शेवटच्या सत्रात नातवाने हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीचा पट्टा लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि तो पळत आत गेला. तो बचावात होता. तीन-चार चाली तर त्याच्याकडे काही आलंच नाही. पाचवीला चेंडू घेतलेला मुलगा त्याच्याच बाजूने आला. नातू त्याच्यासमोर बरोबर जागी उभा होता, अगदी त्या सरावात उभा राहायचा तसा, आणि या वेळी थांबला नाही. दोघं आडवे झाले. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं गेलं, थोडंसं चुकीच्या उच्चारात. कडेची सगळी रांग, ज्यांना त्या दिवशी खेळायला मिळालं ते आणि मिळालं नाही तेही, उड्या मारत होती. मला त्या आरोळीत पहिल्या फळीचे, मोठ्या नावाचे खेळाडू वेगळे काढता येईनात. आजी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दोन यार्डं सुद्धा दिली नाहीत."

हा तिसऱ्या श्रेणीचा फुटबॉल. टीव्हीवर दर शनिवारी दिसतात त्या बड्या विद्यापीठांत खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळतात, लाखभर माणसं बघायला येतात. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. मुलं फी भरून शिकतात, प्रयोगशाळेतून थेट सरावाला येतात. त्या वर्षीचा त्यांचा सर्वांत नामवंत खेळाडू ब्लेक एलियट हा पलीकडच्याच मेलरोझ गावचा. लांबून फेकलेला चेंडू झेलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिसऱ्या श्रेणीतल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार त्या वर्षी त्याला मिळाला. त्या पुरस्काराचं नाव गॅग्लियार्डी ट्रॉफी. आपल्याच गुरूच्या नावाचा पुरस्कार घेणं ही केवढी भाग्याची गोष्ट!

नोव्हेंबर लागला तसा गावात एकच आकडा ऐकू यायला लागला: 408. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात एडी रॉबिन्सन यांनी 1941 पासून 1997 पर्यंत प्रशिक्षक म्हणून 408 सामने जिंकले होते. वर्णभेदामुळे मोठ्या विद्यापीठांची दारं ज्यांना बंद होती, त्या मुलांना त्यांनी घडवलं, त्यातले कित्येक व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. गॅग्लियार्डी त्या आकड्याला येऊन भिडले होते. आजींना मी विचारलं, विक्रम मोडावा असं वाटतं का? त्या म्हणाल्या, "मोडावा की. पण रॉबिन्सनचं नाव घेऊन मोडावा."

आठ नोव्हेंबरला सेंट पॉलजवळचं बेथेल कॉलेज कॉलेजव्हिलला आलं. महामार्गावरून उतरायलाच गाड्यांची रांग लागलेली. त्या खोलगट मैदानात तेरा हजारांहून जास्त माणसं मावली होती. शिकणाऱ्या मुलांच्या सहापट! उतारावर बसायला जागा नव्हती, लोक झाडांपाशी उभे होते. काळे झगे घातलेले साधू होते, दुपट्यात गुंडाळलेली तान्ही मुलं होती, आणि साठीपासष्टीचे पुरुष जुन्या लाल टोप्या घालून आले होते, तेही कधीकाळी याच रांगेत उभे राहिलेले. माझ्या पलीकडचे एक गृहस्थ सांगत होते, चार वर्षांत ते सगळे मिळून दहा मिनिटं खेळले असतील. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि मला तो अभिमान आता पूर्ण कळत होता.

त्या सामन्यातला क्षणन् क्षण मला सांगता येणार नाही, कारण अर्धा वेळ समोरचे लोक उभे होते. आघाडी इकडची तिकडे होत होती. थंडीने पाय बधिर झाले होते आणि तरी बसावंसं वाटत नव्हतं. बेथेलची मुलं तोडीस तोड होती, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की यांच्याही कुणाची आजी इथे कुठेतरी बसली असेल. शेवटी गुणफलक राहिला 29 विरुद्ध 26. तीन गुणांनी सेंट जॉन्स जिंकलं. 409. आजी माझा हात धरून रडत होत्या, मागच्या रांगेतली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मठाचा माणूस, शेतकरी, दुकानदार, कुणी कुणाला ओळखत असो नसो. त्या गडबडीत खाली ते बुटके गृहस्थ मला एकदाच दिसले, सगळ्या बाजूंनी लाल जर्सींनी वेढलेले.

मला वाटलं, संपला मोसम. तो तर तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाला. देशभरातले निवडक संघ बाद फेरीत जातात, हरला तो घरी. सेंट जॉन्सने सगळे पार केले, त्यात ओरेगनचं लिनफिल्ड होतं, न्यूयॉर्क राज्यातलं रेन्सेलेअर होतं. अंतिम सामना व्हर्जिनियातल्या सेलमला, वीस डिसेंबरला. समोर ओहायोचं माउंट युनियन. लागोपाठ तीन वर्षं तेच विजेते. लागोपाठ 55 सामने जिंकून आलेले. 2000 सालच्या अंतिम सामन्यात त्यांनी सेंट जॉन्सला 10-7 असं हरवलं होतं. पेपरात, रेडिओवर, दुकानात, कुठेही कान द्या, माउंट युनियनच जिंकणार असं लोक गृहीत धरून चालले होते.

बाद फेरीच्या प्रवासाला मोजक्याच खेळाडूंना नेता येतं. त्यामुळे नातू व्हर्जिनियाला गेला नाही. सामना त्याने आमच्याबरोबर, आजींच्या घरी टीव्हीवर पाहिला. त्याला वाईट वाटत असेल म्हणून मी गाजराचा हलवा करून नेला होता. पण तो टीव्हीसमोर जमिनीवर बसला होता आणि चाल सुरू व्हायच्या आधीच ती काय असणार ते सांगत होता. "आता डावीकडे." डावीकडे. "आता ब्लेककडे देतील, पण फेकून नाही, हातात." चेंडू हातात दिला गेला. एलियट, जो झेलण्यासाठी प्रसिद्ध, तो चेंडू घेऊन धावत सुटला, अर्ध्या मैदानाहून जास्त, आणि टचडाऊन. नातवाने हे मैदानात कधी केलेलं नव्हतं, पण सगळं त्याच्या अंगात होतं. कॉलेजव्हिलच्या गवतावर सप्टेंबरपासून दीडशे जणांनी एकच धडा गिरवला होता, आणि सेलमला त्यातले थोडे तो म्हणून दाखवत होते, एवढंच. दीडशे कशाला, हे मला त्या दुपारी उमगलं.

शेवटच्या सत्रात माउंट युनियन पुढे सरकत सरकत सेंट जॉन्सच्या अगदी दाराशी आलं. इथे टचडाऊन झालं असतं तर सामना पुन्हा अटीतटीला आला असता. नातू बोलायचा थांबला. माउंट युनियनच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकला आणि मधे सेंट जॉन्सचा माइक झाउहर आला. त्याने चेंडू अडवला नाही, झेलला, आणि पळत सुटला. वीस यार्डं, चाळीस, मधली रेघ. आजी ओरडत होत्या, मी ओरडत होते, माझा नवरा, ज्याला तोवर या खेळातलं काही कळत नव्हतं, तोही उभा राहून ओरडत होता. मैदानाची पूर्ण शंभर यार्डं.

झाउहर पलीकडच्या टोकाला पोचला तेव्हा नातू घरात नव्हता. दार सताड उघडं होतं आणि तो नुसत्या मोज्यांवर, बर्फातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून परत पळत होता. समोरच्या घरातूनही कुणीतरी तसंच बाहेर आलं होतं. दोघं एकमेकांकडे बघून हात वर करून ओरडले आणि आपापल्या घरात गेले.

24 विरुद्ध 6. चौदा सामने, चौदा विजय. 1976 नंतर पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद.

नातवाचे मोजे आजींनी हीटरवर वाळत टाकले. तो हलवा खात होता आणि फोनवर सेलमच्या हॉटेलातल्या मित्राशी बोलत होता. पलीकडून नुसता गोंगाट ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर आजींनी विचारलं, "आता पुढचा सराव कधी?"

"ऑगस्टमध्ये."

मला खरं वाटेना. बाकीची कॉलेजं वसंतातही सराव घेतात हे मी तोवर वाचलं होतं. मी म्हटलं, "आणि एप्रिल-मेमध्ये?"

"काही नाही. जॉन म्हणतो, उन्हाळ्याआधी परीक्षा असतात, आणि बाहेर छान दिवस असतात."

"आठ महिने काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग मोकळाच आहेस," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी दाराआडचं बर्फ उपसायचं फावडं त्याच्या हातात दिलं.